वाणाला कूलर

प्रेमला खानझोडेंनी आपलं नवं घर पहिल्यांदा नीट पाहिलं ते जुन्या घराच्या अंगणात.

त्याचं असं झालं. त्यांचे यजमान रामकृष्ण खानझोडे रायपूरच्या रेल्वे वॅगन कारखान्यातून डिसेंबरअखेर निवृत्त झाले. भनपुरीच्या अलीकडच्या कॉलनीतलं क्वार्टर दोन फेब्रुवारीला सोडायचं आणि कचन्याच्या बाजूला एका नव्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर राहायला जायचं, असं ठरलं. बिल्डरने दिलेल्या रंगीत नकाशावर रामकृष्णरावांचा विश्वास नव्हता, कारण त्यात सोफ्यावर एक गोरी बाई हसत बसली होती. "जिच्यापाशी सामानच नाही ते हसनारच," असं म्हणून त्यांनी चुन्याची पिशवी आणली, टेप काढला, दोरी ताणली आणि सगळा फ्लॅट अंगणात खऱ्या मापाने आखून काढला. हॉल, दोन खोल्या, किचन, बाथरूम आणि चार बाय दहाची बाल्कनी.

आखून झाल्यावर दोघांनी मागे सरून पाहिलं. अख्खं घर अंगणात मावलं होतं आणि तरी लिंबाचं झाड, मोगऱ्याची रांग आणि तोंडल्याचा मांडव बाहेरच उरला होता.

चुन्याच्या भिंतींची लोकांना दोन दिवसांत सवय झाली. दूधवाला दारातून येऊन दारातूनच जायला लागला. शेजारच्या इंदूताई गप्पा मारायला आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या, तेव्हा मुलगी पायल त्यांना म्हणाली, "आंटी, आप बाथरूम में बैठी हो." इंदूताई दचकून उठल्या आणि जाताना सवयीने दार ओढून घेतल्यासारखा हात केला. पायलला मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर यायची. एकदा ती आईला म्हणाली, "मम्मी, आप फिर दीवार में से निकल गईं." प्रेमलाबाई मागे फिरल्या आणि दारातून आल्या.

मग रामकृष्णरावांनी नियम सांगितला. ते कारखान्यात होते तेव्हाही नियम सांगताना एक पाय स्टुलावर ठेवत. इथेही ठेवला.

"पाह्य प्रेमला. घरात जे मावंन ते घरात. जे नाही मावलं ते बाल्कनीत. बाल्कनीत जागा उरली, तर तुह्या कुंड्या."

"अन नाही उरली तं?"

"तं कुंड्या इथीच. नवीन मानूस येनार आहे ना, तो घालंन पानी."

नवीन माणूस आदल्याच आठवड्यात क्वार्टर पाहून गेला होता. त्याने बागेकडे बराच वेळ पाहिलं होतं, इतका की प्रेमलाबाईंना वाटलं, आता हा फुलांची नावं विचारणार. तो म्हणाला होता, "गाडी यहीं लग जाएगी ना?"

कुंड्या छत्तीस होत्या. त्यांतल्या कुंड्या म्हणाव्यात अशा अकराच. बाकी शेवंती भंगारात निघालेल्या लाल बादल्यांत होती. पुदिना फुटक्या कुकरमध्ये होता आणि शिट्टीच्या जागी बांधलेल्या काडीवर चढायचा प्रयत्न करत होता. सदाफुली पायलच्या शाळेच्या दप्तरात होती. जास्वंद ज्या पत्र्याच्या डब्यात होती त्याच्यावर अजून 'शुद्ध तूप' लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षांत प्रेमलाबाईंनी घरातली एकही फुटकी वस्तू टाकली नव्हती, सरळ तिच्यात माती भरली होती. रोज सकाळी पाणी घालताना त्या एकेकीशी बोलायच्या आणि गुलाबाशी जरा कमी बोलायच्या, कारण तो लाडावला होता. लिंबाला, मोगऱ्याला उचलून नेता येत नाही, हे त्यांनी मनाला समजावलं होतं. पण छत्तीसच्या छत्तीस गेल्या असत्या, तर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. घरातलं सगळं सामान उचलून अंगणातल्या फ्लॅटमध्ये लावलं. अकरा वाजेपर्यंत हॉल भरला. बारापर्यंत बेडरूममध्ये माणूस आडवा झाला तर कुशीवर वळणार नाही, इतकी प्रगती झाली. उरलेलं सगळं बाल्कनीत गेलं: लोखंडी कूलर, दोन ट्रंका, पितळी बंब, फोल्डिंगचा पलंग, जो एकदा उघडल्यापासून फोल्ड झाला नव्हता, आणि माळ्यावरून काढलेली चार पोती. पोत्यांत सव्वीस वर्षांचं वाण होतं. दर संक्रांतीला कॉलनीतल्या प्रत्येक घरी हळदीकुंकू, प्रत्येक घरून एक वाण. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, कंगवे, साबणदाण्या. साबणदाण्याच एकशे चाळीस होत्या. खानझोडेंच्या घरी साबण एकच होता.

"मी सांगतलं होतं," रामकृष्णराव म्हणाले. बाल्कनीत पाय ठेवायलाही जागा नव्हती. छत्तीस कुंड्या चुन्याच्या रेषेबाहेर ओळीने उभ्या राहून आत बघत होत्या.

"कमी करा ना मंग सामान!"

पण कमी करायचं कसं? कबाडीवाल्याला बोलावलं तर त्याने कूलरकडे अशा नजरेने पाहिलं की रामकृष्णरावांनी त्याला पाणीसुद्धा न देता परत पाठवलं. नागपूरच्या नातेवाइकांना फोटो पाठवले. सगळ्यांनी पाहिले. एका जावेने नमस्काराचे हात पाठवले. जुनं सामान फुकट घ्यायला कोणी तयार नव्हतं.

त्या रात्री प्रेमलाबाई गव्हाच्या डब्यावर बसून पोत्याकडे बघत राहिल्या. त्या एकशे चाळीस साबणदाण्या त्यांनी काहून घेतल्या होत्या? नको होत्या, तरी घेतल्या. कारण वाणाला कोणी नाही म्हणत नाही. समोरची हळदकुंकू लावते, तिळगूळ देते, हातावर वस्तू ठेवते आणि आपण पदर पुढे करतो. त्यात काय आहे हे आपण घरी जाऊन बघतो. आजवर महाराष्ट्रात, विदर्भात किंवा छत्तीसगडात कोणी वाण परत केल्याची नोंद नाही.

प्रेमलाबाई डब्यावरून उठल्या.

सोळा जानेवारीला खानझोडेंकडे हळदीकुंकू झालं. एकेचाळीस जणींना बोलावणं गेलं. शेवंताकाकूंना, यजमान गेल्यापासून, कोणी बोलवत नसे. त्यांनाही गेलं. इंदूताईंनी दबक्या आवाजात विचारलं, "शेवंताले पन?" तर प्रेमलाबाई म्हणाल्या, "तिच्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत." यापेक्षा पुरोगामी कारण त्या कॉलनीत पूर्वी कोणी दिलं नव्हतं.

वाण सगळ्यांना सारखं असतं. इथे ते शक्य नव्हतं, म्हणून प्रेमलाबाईंनी चिठ्ठ्या केल्या. पहिली चिठ्ठी राधिकाने काढली. राधिका नवीन लग्न होऊन आली होती. तिची पर्स एवढी लहान होती की मोबाईल आडवा मावत नव्हता. तिने चिठ्ठी उघडली आणि वाचली.

"काकू, इथी 'कूलर' लिहिलं आहे."

"हव. पदर घे पुढे."

राधिकाने पदर पुढे घेतला. प्रेमलाबाईंनी कूलरला हळदकुंकू लावलं, पदराचं टोक त्याच्या जाळीला टेकवलं आणि वाण पोचलं. मग चार बायकांनी कूलर उचलून राधिकाच्या दारात नेला. जानेवारीची थंडी होती. राधिकाच्या नवऱ्याने दार उघडलं, कूलर पाहिला, बायको पाहिली आणि दार पुन्हा लावलं.

शेवंताकाकूंना पितळी बंब निघाला. त्यांनी तो कडेवर घेतला, म्हणाल्या, "एवढ्या वर्साचं एकदम दिलं वो तूनं," आणि कोणाची मदत न घेता घरी गेल्या. फोल्डिंगचा पलंग गेला. ट्रंका गेल्या. चारही पोती गेली. संध्याकाळी सहा वाजता अंगणातली बाल्कनी पार रिकामी होती. प्रेमलाबाईंनी गुलाबाची कुंडी उचलली आणि रेषेच्या आत ठेवली. रामकृष्णरावांनी फक्त एकदा टेप उघडला आणि बंद केला.

चूक प्रेमलाबाईंच्या लक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी आली. इंदूताई दारात उभ्या होत्या. चुन्याच्या नाही, खऱ्या.

"प्रेमला, उद्या माह्याकडे हळदीकुंकू आहे. येशीन. अन पायलच्या बाबांनाई घेऊन ये, उचलाले."

रथसप्तमीला अजून अठरा दिवस होते. तोवर हळदीकुंकवाचा मोसम चालू राहतो आणि प्रेमलाबाईंनी पहिल्याच आठवड्यात आपला हुकमाचा पत्ता टाकून दिला होता. एकेचाळीस बायका, एकेचाळीस माळे, आणि वाणाला काहीही देता येतं हे आता सगळ्यांना कळलेलं.

इंदूताईंकडून ड्रेसिंग टेबल मिळालं. आरसा नव्हता, पण त्यामुळे आपण कसे दिसतो याची काळजी मिटते, असं इंदूताई म्हणाल्या. दुसऱ्या घरून बाळाचा पाळणा मिळाला. तिसऱ्या घरून दाराची एक फळी मिळाली, दार नाही. सहाव्या दिवशी प्रेमलाबाईंनी ताप आल्याचं सांगितलं, तर वाण घरपोच आलं आणि सोबत काढा आला. राधिकाने कूलर परत दिला नाही, हा तिचा मोठेपणा. तिने सासूबाईंचा जुना कूलर दिला, जो आधीच्यापेक्षा वीतभर मोठा होता. एका ट्रंकेने कॉलनीत पाच घरं फिरून परत खानझोडेंचं दार गाठलं. प्रत्येक घरी तिच्यात भर पडत गेली होती, त्यामुळे ती आता उघडत नव्हती.

"मम्मी, हम लोग शिफ्ट हो रहे हैं कि दुकान खोल रहे हैं?" पायलने विचारलं.

"गप बस पोट्टे."

रामकृष्णराव मात्र टवटवीत दिसायला लागले होते. वस्तू आली की ते तिला थोपटून बघत. "मजबूत आहे," म्हणत. पाळण्यालाही म्हणाले.

दोन फेब्रुवारीला एका ट्रकचे दोन ट्रक झाले. नव्या फ्लॅटमध्ये सामान चढलं आणि अंगणात ठरलं होतं तसंच झालं: हॉल भरला, खोल्या भरल्या, उरलेलं सगळं खऱ्या बाल्कनीत गेलं. मोठा कूलर, आरसा नसलेलं टेबल, पाळणा, फळी, ट्रंक. कुंड्या खाली पार्किंगमध्ये राहिल्या. वॉचमन म्हणाला, "माताजी, तीन दिन. उसके बाद सेक्रेटरी साहब फिंकवा देंगे."

प्रेमलाबाई लिफ्टने बाटलीत पाणी भरून खाली नेत आणि कुंड्यांना घालत. पुदिन्याने मान टाकली होती. पार्किंगमध्ये ऊन नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूताईंचा फोन आला.

"कशी आहेस बाई? तूनं रीत चांगली पाडली बरं. माह्या घरी आता नाचाले जागा आहे."

"तुमी नाचा," प्रेमलाबाई म्हणाल्या. "माह्या कुंड्या परवा कचऱ्यात जातीन."

"तुले घाईच फार. सुरुवातीलेच काहून केलं? शेवटी करायचं होतं. उद्या रथसप्तमी. एकदा सूर्य बुडाला की संपलं, मंग कोनीच देत नाही कोनाले. पुढच्या संक्रांतीपावत."

फोन ठेवताच प्रेमलाबाईंनी पायलला हाक मारली.

"या बिल्डिंगीत किती घरं आहेत वं?"

"चौबीस. आधे तो अभी ज़मीन पर गद्दा डालके सो रहे हैं, मम्मी. सब नए हैं."

चार फेब्रुवारीला, संध्याकाळी साडेचार ते सूर्यास्त, अशी चिठ्ठी लिफ्टमध्ये लागली. पायलने ती हिंदीत लिहिली होती. तेवीस घरांतल्या बायका आल्या. छत्तीसगढी होत्या, सिंधी होत्या, एक ओडिया होती. हळदीकुंकू म्हणजे काय हे बहुतेकींना माहीत नव्हतं, पण कपाळाला कुंकू लागलं आणि पाळणा मिळाला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची, आठवा महिना लागलेली बाई एकदम रडायला लागली. "दीदी, आपको कैसे पता चला?" प्रेमलाबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

मोठा कूलर रायपूरचे दोन उन्हाळे काढलेल्या एका बाईने आनंदाने नेला. ड्रेसिंग टेबल पहिल्या मजल्यावर गेलं. तिथल्या बाईकडे नुसता आरसाच होता. फळीचं शेल्फ होणार होतं. ट्रंक उघडत नाही हे कळल्यावर तिसऱ्या मजल्यावरची मंजिरी म्हणाली, "असू द्या काकू, टीव्ही ठेवीन तिच्यावर."

एकेक वस्तू बाहेर पडत होती तसतशी एकेक कुंडी वर येत होती. त्या आणायचं काम रामकृष्णरावांकडे आलं होतं, कारण बायकांच्या कार्यक्रमात त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. लिफ्टमध्ये बायका मावत होत्या आणि कुंड्या मावत नव्हत्या, म्हणून बऱ्याचशा त्यांनी जिन्याने आणल्या. शेवंतीची बादली आणताना ते दुसऱ्या मजल्यावर बसले. जास्वंद आणताना ते तिच्याशी काहीतरी बोलले. पायलने ते ऐकलं, पण काय बोलले हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. साडेपाच वाजता ते छत्तिसावी कुंडी घेऊन आले आणि कमरेवर हात ठेवून बाल्कनीत उभे राहिले. उभं राहायला त्यांच्यापुरतीच जागा उरली होती.

"मावल्या," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

आणि तेवढ्यात जिन्यातून मंजिरीचा आवाज आला.

"काकू! थांबा! माह्याकडूनही घ्या वाण!"

मंजिरी अकोल्याची होती, हे प्रेमलाबाईंनी विचारलंच नव्हतं. वाण घेतलं की द्यायचंही असतं, हा नियम तेवीसांतल्या एकीलाच माहीत होता आणि तिचा नवरा सचिन त्या क्षणी ट्रेडमिलचं एक टोक धरून उभा होता. ट्रेडमिल तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकली होती. तिच्यावर दोन टॉवेल वाळत होते.

"अवं मंजिरी, कायले त्रास घेतेस? पुढच्या वर्षी दे."

"नाही हो काकू! वाण घेतलं अन मी काहीच नाही लुटलं, हे सासूबाईंना कळलं तं त्या व्हिडिओ कॉलवर मले सोलून काढतीन. तुमी पदर घ्या पुढे, आम्ही आनतो. सूर्य आहे अजून."

प्रेमलाबाईंनी मनातल्या मनात ट्रेडमिल मोजली. सहा बाय अडीच. हॉलमध्ये नाही, बेडरूममध्ये नाही. त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं. पुदिन्याने अर्धी मान वर केली होती.

"बुडाला असंन आतापावत," त्या म्हणाल्या.

"नाही बुडाला."

बाल्कनीतून सूर्य दिसत नव्हता. समोर दुसऱ्या सोसायटीच्या दोन उंच इमारती होत्या. सगळ्या बायका रेलिंगपाशी गोळा झाल्या. एकीने मोबाईल काढला, पण तिचा मोबाईल बिलासपूरचा सूर्यास्त दाखवत होता.

"छतावर जाऊन कोनीतरी पाहून या," मंजिरी म्हणाली. "काकांना पाठवा. काका खोटं नाही बोलनार."

हे खरं होतं. रामकृष्णरावांनी चौतीस वर्षं कारखान्याच्या हजेरीला कोणाला एक मिनिट दिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाला ते चार मिनिटं उशिरा आले, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना लेखी कारण दिलं होतं. प्रेमलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

रामकृष्णराव कमरेवर हात ठेवून वर गेले. खालच्या वळणावर सचिन ट्रेडमिल धरून उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. मग ते टाकीच्या बाजूला, गच्चीच्या कडेला उभे राहिले. खालून सगळ्यांना त्यांचं डोकं दिसत होतं. ते डोकं, सगळ्यांनी पाहिलं, पिवळंधमक उजळलेलं होतं.

"काका, आहे का?" मंजिरी ओरडली.

काकांनी घड्याळात पाहिलं. पाच एकोणपन्नास.

"गेला!" रामकृष्णराव म्हणाले.

जिन्यात धप्पकन आवाज झाला. सचिनने ट्रेडमिल खाली ठेवली होती आणि तिच्यावरच बसला होता.

काका खाली आले, घाम पुसला आणि खुर्ची शोधायला लागले. आणि नेमका तेव्हाच सूर्य समोरच्या दोन इमारतींच्या फटीत उतरला. चार बाय दहाच्या बाल्कनीत एकदम ऊन भरलं. जास्वंदीच्या डब्यावरची 'शुद्ध तूप' ही अक्षरं चमकली. रामकृष्णरावांची सावली भिंतीवर एवढी ठळक पडली की तिची मिशीसुद्धा दिसत होती.

मंजिरीने सूर्याकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

"काही विसरला असंन," रामकृष्णराव म्हणाले. "घ्याले आला."

मंजिरी हसायलाच लागली. "राहू द्या काका. सासूबाईंना सांगते, काकांनी सही केली म्हनून." आणि जिन्यात वाकून म्हणाली, "अहो, न्या परत. टॉवेल वाळले असतीन तर घडी करा."

बायका एकेक करून गेल्या. पायल तिळगुळाची रिकामी ताटं आत नेऊन ठेवत होती. प्रेमलाबाईंनी तांब्या भरून आणला आणि पाणी घालायला सुरुवात केली, गुलाबापासून. रामकृष्णराव मध्येच उभे असल्यामुळे त्यांना दर दोन कुंड्यांनी सरकावं लागत होतं. ते सरकत होते.

"तुमी खोटं बोलले," प्रेमलाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

"छत्तीस आनल्या मी वर. आता खाली नेनार नाही एकही," ते म्हणाले आणि पुदिन्यापाशी वाकले. "याले दे जरा जास्त. दमला आहे तो."